सीए, सीएमए, एसीसीए की जीडीसी? सांगली-साताऱ्यातले अनुभव सांगा

कृष्णाकाठ: बारावी कॉमर्सचा निकाल लागला की आपल्याकडं घरोघरी एकच प्रश्न, "मग सीए करणार ना?" बाकीच्या वाटा एक तर माहीत नसतात, नाहीतर "सीए जमलं नाही म्हणून ते केलं" असा सूर असतो. भाचीसाठी चौकशी करताना माहितीपत्रकं ढिगानं मिळाली. पण याच दोन जिल्ह्यांत राहून काम करणाऱ्यांनी स्वतः सांगितलेलं फारसं हाती लागलं नाही. तुम्ही काय निवडलं, का निवडलं आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्षात काय काम केलं, ते लिहा. क्लासच्या जाहिराती नकोत, प्लीज.

विश्रामबागकर: सीए. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी, सांगलीतच केली, तीही जुन्या स्कीममध्ये, म्हणजे पूर्ण तीन वर्षं. १ जुलै २०२३ पासून नोंदणी करणाऱ्यांना दोनच वर्षं आहेत, नशीबवान आहेत पोरं.

बरोबरचे बहुतेक जण पुण्याला गेले. मी राहिलो कारण घरचं खाणं आणि घरचं छप्पर. स्टायपेंड एवढाच होता की पुण्यात कॉट बेसिसचं भाडंसुद्धा निघालं नसतं. पहिलं काम हळदीच्या एका अडत दुकानाचं. पट्ट्यांचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचे, गठ्ठे समोर. वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. शेतकऱ्याला दिलेली पट्टी, खरेदीदाराचं बिल आणि बँकेतली एंट्री अशी तिन्ही जुळवायची. मालक शेजारी बसून तोंडी हिशेब सांगायचे आणि टॅलीच्या आधी त्यांचा आकडा यायचा. दुसऱ्या वर्षी टॅक्स ऑडिटचा ३सीडी फॉर्म मीच भरत होतो, जीएसटीची रिटर्नं तर रोजचीच. पुण्यातल्या मोठ्या फर्ममधला माझा मित्र तेव्हा एकाच कंपनीचं स्थिर मालमत्तेचं (फिक्स्ड अ‍ॅसेट) रजिस्टर घेऊन बसला होता.

आता दुसरी बाजू. इंड-एएस (मोठ्या कंपन्यांची लेखामानकं) आणि कंपनी समूहाचे एकत्रित ताळेबंद मी फक्त पुस्तकात बघितले. कंपनीतल्या नोकरीच्या मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. स्वतःची प्रॅक्टिस काढायची असेल तर सांगली उत्तम, कॉर्पोरेटमध्ये जायचं असेल तर पुणे-मुंबई गाठा. मधलं काही सांगणारे गोड बोलतात एवढंच.

परीक्षेबद्दल: प्रत्येक पेपरात ४० मार्क आणि ग्रुपचे एकूण ५० टक्के, दोन्ही लागतात. सगळे पेपर सुटले पण एकूण बेरीज अडकली, हे आमच्या ऑफिसात दर निकालाला कुणाचं ना कुणाचं व्हायचंच. एखाद्या पेपरात ६० काढून एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर पुन्हा देण्यातून सूट, घेतलं तर पुढचा श्वास मोकळा होतो.

कंदीपेढा: सातारा जिल्ह्यातल्या खाजगी साखर कारखान्यात आहे, सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट. साताऱ्यात कुणाला सांगितलं की "म्हणजे सीएच्या खालचं का?" हे ठरलेलं. आता उत्तर द्यायचं सोडलंय.

मला ऑडिटपेक्षा कारखाना आवडतो. गळीत हंगामात रोज सकाळी गाळप आणि उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली) टेबलावर येतो. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला बांधलेली आहे, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला भाव वाढतो. म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावर ऊसबिलाची रक्कम हलते. मग खरं डोकं चालतं ते वाटणीत. उसातून साखर निघते, बगॅस (चिपाड) निघतं, मळी निघते. बगॅस आपल्याच बॉयलरला जातं, त्यावर वीज होते, ती काही आपण वापरतो, काही विकतो. मळी आपल्याच डिस्टिलरीला. यातल्या कशाची किंमत किती धरायची? बगॅसचा दर थोडा वाढवा, साखर स्वस्त पडते आणि वीज महाग. शेती अधिकारी, चीफ इंजिनिअर आणि आम्ही यावर दर हंगामात भांडतो.

एक लक्षात ठेवा. कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाची तपासणी, कंपनी कायद्यातून येतं, तेही ठराविक उलाढालीच्या वर. सहकारी कारखान्यांना ते लागू नाही. त्यामुळं "एवढे कारखाने आहेत, कॉस्ट ऑडिटला काय तोटा" हा हिशेब आपल्या भागात तितका सरळ बसत नाही.

माहुलीची: एसीसीए, ब्रिटनमधल्या संस्थेची अकाउंटंटची पात्रता. १३ पेपर, बी.कॉम.मुळं काहींना सूट मिळाली. पासिंग ५०. फी पौंडात, त्यामुळं रुपया घसरला की आमच्या घरी बातम्या लक्ष देऊन ऐकायचे! पुण्यातल्या ऑफिसातून परदेशी कंपनीची मंथ-एंड क्लोजिंग करते, निम्मे दिवस साताऱ्यातून. भारतातल्या कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही करता येत नाही, ते फक्त सीएलाच. साताऱ्यात पाटी लावायची असेल तर हे घेऊ नका.

तासगावची ताई: जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार आणि लेखा यांची सरकारी पदविका, कुणीच लिहिलं नाही? सहकाराच्या जिल्ह्यात बसून! मी पतसंस्थेत क्लार्क होते, लग्नानंतर परीक्षा दिली. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, सहकार खातं परीक्षा घेतं, मराठीतून लिहिता येते. पेपरात १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, लेखाशास्त्र, लेखापरीक्षण वगैरे. नंतर खात्याच्या नामतालिकेवर (ऑडिटरांच्या यादीवर) नाव लागलं की विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था यांची ऑडिटं मिळतात. फी बेताची, फिरणं भरपूर, आणि गावात गेलं की आधी जेवून घ्या म्हणतात.

पहिल्या वर्षी एका पतसंस्थेत थकबाकी फारच कमी दिसली. कर्ज खतावणी आणि रोजकीर्द समोरासमोर ठेवली. मार्चअखेरीला वीसेक खाती पूर्ण भरलेली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच नावांवर जवळपास तेवढीच कर्जं. रोख काउंटरवर आलीच नव्हती, सगळं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज नव्या कर्जानं कागदोपत्री फेडलेलं. अहवालात खातेनिहाय लिहिलं. अध्यक्षांचा फोन आला, "ताई, तुम्ही आपल्याच भागातल्या ना?" होय म्हटलं, म्हणूनच ठेवीदार ओळखीचे आहेत. पुढच्या वर्षी ते ऑडिट मला मिळालं नाही.

बीकॉम_लास्ट_इयर: @विश्रामबागकर, मी आता सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, द्यायची का? आणि आर्टिकलशिपला कधी येता येतं?

विश्रामबागकर: बी.कॉम.ला ५५ टक्के पडले तर फाउंडेशन नको, थेट इंटरला, म्हणजे पुढच्या परीक्षेला, नोंदणी होते. नव्या स्कीममध्ये आर्टिकलशिप इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावरच. तोवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखाद्या ऑफिसात बसून बघ, टॅक्स ऑडिटमुळं तेव्हा सगळ्यांना माणसं हवी असतात. पैसे किती देणार ते आधी विचार, लाजू नको.