'ॲबी'ला मराठीत काय म्हणाल? आणि मठांचं 'विसर्जन' बरोबर आहे का?

मंडळी, जरा मदत हवीय. यॉर्कशायरमधल्या फाउंटन्स ॲबीचे अवशेष बघून आलो, त्यावर लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडकलो. लिहिलं होतं, "१५३९ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत कारंजे मठाचं विसर्जन झालं". बायकोने वाचलं आणि विचारलं, ढोलताशे होते का? डिसोल्यूशनला, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मठ बंद करून मालमत्ता ताब्यात घेतली त्याला, दुसरं काय म्हणायचं?

— आधी ते कारंजे काढा हो! ते नाव लॅटिनमधून आलंय, तिथे अर्थ झरे. ११३२ मध्ये यॉर्कच्या मठातली शिस्त ढिली पडली म्हणून भांडून १३ साधू बाहेर पडले आणि स्केल नदीच्या त्या ओसाड खोऱ्यात राहिले, तिथले हे झरे. कारंजी वगैरे शोभेची कामं शेजारच्या बागेत, तीही १८व्या शतकातली. नाव आहे तसंच ठेवा.

— ॲबीला सरळ मठच. विहार म्हटलं की डोळ्यासमोर लेणी येतात. आणि ॲबट म्हणजे मठाधिपती, मूळ शब्द अरामी भाषेतला 'अब्बा' म्हणजे बाप. (आपल्या 'आबा'शी नातं लावायचा मोह होतो पण आवरा.)

— विसर्जन नकोच, 'खालसा' लिहा. डलहौसीने सातारा खालसा केला तसंच हे, जमीन, मेंढ्या, छपराचं शिसंसुद्धा गेलं.

— पण खालसा म्हणजे सरकारजमा ना? इथे तर राजाने पुढच्याच वर्षी रिचर्ड ग्रेशम नावाच्या व्यापाऱ्याला विकून टाकलं.

— आधी जमा केलं मग विकलं, त्यात काय. कागदोपत्री तर मठाधिपतीनेच सही करून ताबा दिला आणि पेन्शन घेतलं, पण सही कशी घेतात ते काय आपल्याला माहीत नाही का. विसर्जनात निदान आपण आपल्या हाताने देव पाण्यात सोडतो हो.

— 'खालसा' फायनल, आभार! आता ले ब्रदर्सचं सांगा, म्हणजे साधूंहून वेगळे, मठात राबणारे बंधू. सिस्टर्शियन लोकांची (हा मठ त्याच पंथाचा) शेती, मेंढ्या, लोकर सगळं यांच्याच जिवावर, पण चर्चमध्ये बसायची जागा वेगळी, जेवण वेगळं. सुमारे ३०० फूट लांब कमानींचं दालन अजून उभं आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर हे झोपायचे. 'सामान्य बंधू' लिहिलंय, मिळमिळीत वाटतं.

— वसईकडे ख्रिस्ती मराठीत 'व्रतस्थ' म्हणतात, पण त्यात साधू आणि हे दोघेही येतील कारण व्रत यांनीही घेतलेलं असायचं. 'कामकरी बंधू' करा, भेद लगेच कळतो.

— हे आवडलं. अजून एकच, जिथे साधूंना थंडीत ऊब घ्यायला आग पेटवायचे ती खोली. एवढ्या मोठ्या मठात शेकायच्या जागा मोजक्याच, त्यातली ही एक. भिंतीतली चूल इतकी मोठी की मी आत उभा राहून फोटो काढलाय. 'उष्णगृह' लिहिलं होतं.

— उष्णगृह काय, लॅब आहे का ती! शेकोटीघर.