स्नेअर ड्रमच्या नोटेशनमधल्या तिरप्या रेघा कशा वाजवायच्या?

ताशा येतो, बोल ऐकून उचलतो. आता इंदूरच्या एका बँडमध्ये स्नेअर धरलाय. कागदावर स्वराच्या दांडीला तिरप्या रेघा आहेत, काही स्वरांआधी इवलासा स्वर. शिवाय पॅराडिडल (उजव्या-डाव्या हाताच्या ठरलेल्या क्रमाचा सराव) मेट्रोनोमवर मिनिटाला ८० टिकच्या पुढे गडबडतो. काय करू?

— ताशेवाला

रेघांमध्ये दांडीच्या टोकाची शेपटीही मोजायची. पाव स्वरावर एक रेघ म्हणजे दोन अष्टमांश, दोन रेघा म्हणजे चार सोळांश. अष्टमांशाला एक शेपटी असतेच, त्यावर दोन रेघा आल्या की चार बत्तीसांश: उजवा-उजवा-डावा-डावा. पुढच्या स्वराशी बंध (जोडणारी वक्र रेघ) असेल तर तिथे पाचवा ठोका, झाला फाइव्ह स्ट्रोक रोल. सगळे इथेच फसतात, फक्त रेघा मोजतात.

इवला स्वर आणि मुख्य स्वर मिळून होतो फ्लॅम. इवल्याची काडी कातड्यापासून दीड-दोन इंच, मुख्य काडी आठ-दहा इंच वर. दोन्ही एकदम सोडा, खालची आपोआप आधी पोचते. उंची सारखी झाली की एकच जाड ठोका ऐकू येतो.

— काडीपेटी

पॅराडिडल (उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा): उडाउ‌उ डाउडाडा. बिघडतो तो जोडठोका, कारण दुसरा ठोका नुसत्या उसळीवर सोडला जातो. बोटांनी काडी आत ओढा. मेट्रोनोम ६०, प्रत्येक टिकला चार सोळांश, पहिला जोरात. पाच मिनिटं स्वच्छ, मगच चारने वाढवा. आणि दादा, मनगट ताठ नको, ताशापेक्षा काड्याही वेगळ्या!

— सराफ्यातला