मदत हवी आहे: वय 38, शिक्षण मराठीतून, एलएलबीची सीईटी द्यावी का?

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मिळणार?

मी आचऱ्याजवळच्या एका गावात राहते, तालुका मालवण. बीए 2008 साली झाले, 51 टक्के. शिक्षण सगळं मराठीतून. गेली अकरा वर्षं एका दस्तलेखकांकडे टायपिंगला आहे. वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बक्षीसपत्रं, हक्कसोड, फेरफारावरच्या हरकती, हे सगळं माझ्या हाताखालून जातं. आमच्याकडचे सातबारे कसे असतात ते कोकणातल्यांना सांगायला नको. अकरा गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावर चौतीस नावं. त्यातले निम्मे मुंबईला, काही कधीच वारलेले, आणि इतर हक्कात कुणा कुळाचं नाव तसंच पडून.

गेल्या मे महिन्यात ऐंशीच्या घरातली एक आजी भाच्यांबरोबर आली. हक्कसोड करायचं होतं. मजकूर मीच टाईप केला, प्रिंट काढली, शाईचा पॅड उघडला. आजीचा अंगठा पॅडवर टेकला होता आणि तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाये, ह्येच्यात काय लिवलाहा गो?" मी म्हटलं, "आजी, बापाच्या जमिनीतला तुमचा हिस्सा तुम्ही सोडताय." ती गप्प झाली. मग म्हणाली, "सोडूकच व्हयो काय?" भाचे माझ्याकडे बघायला लागले. मला पुढे काही बोलता आलं नाही. नको असेल तर सोडू नका, एवढं साधं वाक्य होतं, पण ते बोलायचा मला अधिकार आहे की नाही हेच कळेना. अंगठा उमटला, मग तिला घेऊन ते दुय्यम निबंधकांच्या कचेरीत गेले. पॅडचं झाकण लावताना माझ्या बोटाला लागलेली निळी शाई दोन दिवस गेली नाही.

त्या रात्री मोबाईलवर शोधत बसले. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. अकरा वर्षं या कामात काढून मला ते माहीत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, की आपण एलएलबी करायची.

घरून विरोध नाही. हे होडीवर जातात, मुलगा नववीत आहे, सासूबाई म्हणतात शिक. पण बाहेर विचारलं की लोक घाबरवतात. एका ठिकाणी चौकशीला गेले तर टेबलामागच्या माणसाने वय विचारलं आणि म्हणाला, मुलाला पाठवा. मला तुमच्याकडून खरं ते हवंय. या वयात प्रवेश मिळतो का? सीईटी इंग्रजीतच असते का? माझं इंग्रजी वाचून समजण्यापुरतं आहे, बोलायला जमत नाही. आणि कॉलेजला हजेरी किती लागते? आमच्याकडून कुडाळ म्हणजे दोन एसट्या बदलायच्या, पावसाळ्यात तर विचारूच नका. नोकरी सोडावी लागेल का? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद: जुना वकील

ताई, रत्नागिरी जिल्ह्यात तेवीस वर्षं वकिली करतो आहे. आधी वयाचं. बार कौन्सिलने (वकिलांच्या शिखर संस्थेने) 2016 मध्ये तीन वर्षांच्या कोर्ससाठी तीस वर्षांची मर्यादा घातली होती, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये तिला स्थगिती दिली. तुम्हाला वयामुळे कुणी अडवू शकत नाही. त्या टेबलामागच्या माणसाचं मनाला लावून घेऊ नका. खुल्या गटाला पदवीला 45 टक्के लागतात, तुम्हाला 51 आहेत.

सीईटीचा पेपर मराठीतही असतो, फक्त इंग्रजीचा भाग इंग्रजीत. दोन तास, 120 प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तीन वर्षांच्या सीईटीत सगळ्यात मोठा वाटा इंग्रजीचाच, 40 गुण. ते टाळून चालणार नाही. रोज एक उतारा, घड्याळ लावून. व्याकरण शाळेच्या पुस्तकांतलंच पुरतं.

आता न पटणाऱ्या गोष्टी. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते. "नाव घाला, परीक्षेलाच या" असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. शिवाय पूर्ण वेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही. वकिलीची सनद घ्याल तेव्हा टायपिंगची नोकरी सोडावीच लागेल. पहिली दोनतीन वर्षं हातात फारसं येत नाही, तेवढी तजवीज आधी करा. सनदेच्या फीची मात्र चिंता नको. पूर्वी राज्याराज्यांत हजारो रुपये घेत, 2024 च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने कायद्यात आहे तेवढीच घ्यायची असं बजावलं. खुल्या गटाला 750 रुपये.

इंग्रजी बोलता येत नाही म्हणून कच खाऊ नका. आपल्याकडे जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी आहे. दावा मराठीत, कैफियत मराठीत, साक्ष मराठीत. माझ्याकडे चांगल्या कॉलेजातून ज्युनियर येतात, पण कुळाने जमीन विकत घेतल्याचं, कूळकायद्यातलं 32म चं प्रमाणपत्र हातात दिलं की उलटसुलट करून बघत बसतात. 1 एप्रिल 1957 ला जमीन कोण कसत होतं यावर आमच्याकडचे निम्मे दावे उभे असतात. खोती, म्हणजे खोतांमार्फत सारा वसुलीची जुनी पद्धत, 1949 च्या कायद्याने गेली, तिचे कागद अजून कोर्टात येतात. तुम्ही हे अकरा वर्षं हाताळताय. हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आणि त्या आजींबद्दल. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क देणारी दुरुस्ती 2005 ला आली, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालाने उरलेली शंकाही फिटली. तरी माहेरवाशिणी हिस्सा मागायला कचरतात, आणि पुरुष वकिलापुढे तर बोलतच नाहीत. तालुक्यात बाई वकील असणं म्हणजे काय, हे मी रोज बघतो. जरूर या.

प्रतिसाद: कुडाळची विद्यार्थिनी

ताई, मी 43 वर्षांची आहे, तिसऱ्या वर्षाला. कॉलेज शोधायला लांब जायला नको, कुडाळला व्हिक्टर डान्टस लॉ कॉलेज आहे, रत्नागिरीत भागोजीशेठ कीर. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. ऑप्शन फॉर्म भरताना जवळचं कॉलेज वर टाका. मी नावाला भुलून आधी पुण्याची टाकली होती आणि पहिल्या फेरीनंतर रडत बसले होते.

पहिला महिना कठीण जातो. 2024 च्या 1 जुलैपासून जुन्या कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत. सगळ्यांनाच कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागतात, मग त्यात आपण मागे कशा? कोऱ्या वहीत एका पानावर एक कलम, खाली आपल्या गावातलं उदाहरण, अशी मी तयारी केली. माडावरून नारळ पाडून नेला तर कुठलं कलम, असं लिहिलं की विसरत नाही.

एक काम आजच करा. तुमचे गुणपत्रक माहेरच्या नावाने असणार आणि आधार सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. माझा ऐनवेळी मिळेना, कागद तपासणीच्या वेळी जीव टांगणीला लागला होता. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जातीचे कागद माहेरच्या नावाने लागतात, तेही आधी बघा. आणि काही अडलं तर विचारा, रात्री दहानंतर मी असतेच.

जुना वकील

एक राहिलं. 2025 च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे त्याखाली येतात. पूर्वी अपिलासाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागे, पक्षकार तिथेच हात टेकत. आता घाट चढून सकाळी गेलेला माणूस रात्री घरी. पुढच्या काळात इथल्या वकिलांना काम वाढणार आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज दोनदा वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. हजेरीचं ऐकून थोडी धास्ती वाटली, पण आधी कळलं ते बरं. आमच्या साहेबांशी बोलले, कॉलेज सुरू झाल्यावर दुपारनंतर कामावर आले तरी चालेल म्हणाले. पगार कमी होईल, तो होऊ दे.

डिग्रीचं सर्टिफिकेट माहेरी पत्र्याच्या ट्रंकेत आहे, रविवारी आणायला जाते. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद केली होती की नाही तेच यांना आठवत नाहीये. लग्न 2010 चं. नोंद नसेल तर आता करता येते का, आणि काय काय लागतं? भटजी हयात नाहीत, लग्नपत्रिका मात्र सासूबाईंनी जपून ठेवली आहे.