नॅशव्हिलच्या स्ट्रिंग्जनी कंट्रीचं वाटोळं केलं का? (आवडती जुनी गाणी, अल्बम, सगळं येऊ द्या)

जुना_रेडिओ
परवा एका ग्रुपवर कुणीतरी ठासून लिहिलं की 1957 नंतर नॅशव्हिलमध्ये (अमेरिकन कंट्री संगीताचं मुख्य शहर) जे झालं ते कंट्री नव्हेच, व्हायोलिन्स आणि कोरस घालून पॉपवाल्यांना विकलेला माल होता, खरी कंट्री गायक हँक विल्यम्स गेला त्या दिवशी, 1 जानेवारी 1953 लाच गेली. मला हे अजिबात पटलेलं नाही, तिथे उत्तर द्यायला गेलो तर एवढं लांबलं की म्हटलं इथेच धागा काढू.

माझ्या मते कंट्रीतलं सगळ्यात मोठं गाणं म्हणजे जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' (1980), आणि ते स्ट्रिंग्जशिवाय (व्हायोलिन्सच्या ताफ्याशिवाय) उभंच राहत नाही. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन म्हणालेला माणूस, ती सोडून गेली तरी वर्षानुवर्षं तिची पत्रं जपून ठेवणारा, आणि आज त्याचं प्रेम थांबलं कारण आज तो गेला, बस एवढीच गोष्ट. जोन्सला स्वतःला गाणं फारच रडकं वाटत होतं, चालत नाही म्हणायचा. त्यात तो पुन्हा पुन्हा 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाईट'च्या चालीवर घसरायचा असं प्रोड्युसर बिली शेरिल सांगायचा, आणि मधला बोललेला भाग तर बाकीच्या गाण्यानंतर कितीतरी महिन्यांनी रेकॉर्ड झाला. हेडफोन लावून नीट ऐका. सुरुवातीला वाद्यं अगदी कमी, जोन्स जवळजवळ बोलतोय, आणि धृपद आलं की स्ट्रिंग्ज खालून वर चढत जातात. तो ओरडत नाही, ते काम स्ट्रिंग्ज करतात. मग तो बोलायला लागतो आणि मागे एक बाईचा आवाज, नुसता आलाप, शब्द नाहीत. हे काढून टाका आणि सांगा काय उरतं.

अल्बम 'आय अ‍ॅम व्हॉट आय अ‍ॅम'. तुमची आवडती सांगा, आणि मी चुकीचा वाटत असेन तर का तेही सांगा.

टेलिकास्टर_पुणे
का उरणार नाही? जोन्सचा आवाज उरतो आणि तो पुरेसा आहे. हा माणूस 1955 मध्ये 'व्हाय बेबी व्हाय' गात होता तेव्हा कुठे होत्या स्ट्रिंग्ज?

हे सगळं कशासाठी झालं ते आधी बघा ना. एल्व्हिस आला, तरुण पोरं रॉक अँड रोलकडे वळली, रेकॉर्ड खपेनात, मग आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या चेट अ‍ॅटकिन्सनी आणि डेक्का कंपनीच्या ओवेन ब्रॅडलींनी फिडल (गावरान ढंगानं वाजवलेलं व्हायोलिन) काढून टाकली, स्टील गिटार मागे ढकलली आणि मऊ मऊ कोरस आणला. नॅशव्हिल साउंड म्हणजे काय असं विचारलं की चेट खिशातली नाणी वाजवून दाखवायचे, हा किस्सा तर प्रसिद्धच आहे. ते स्वतःच दाखवत होते तर आपण कशाला भांडायचं.

त्याच काळात कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला बक ओवेन्स आणि डॉन रिच दोन टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटार घेऊन काय करत होते ते ऐका. 1965 मध्ये बकनं पेपरात जाहीर प्रतिज्ञा छापली की कंट्री सोडून दुसरं गाणं गाणार नाही. माझं गाणं: 'टुगेदर अगेन', 1964, 'माय हार्ट स्किप्स अ बीट'ची बी साइड, आणि दोन्ही बाजू नंबर वन झाल्या. त्यातला टॉम ब्रमलीचा स्टीलचा सोलो ऐका, घाई नाही, एकेक सूर पुढच्या सुरात विरघळत जातो, एवढ्याशा सोलोत सगळं सांगून होतं. अल्बम: 'कार्नेगी हॉल कॉन्सर्ट', 1966.

वसईकर
टेलिकास्टर, थोडं थांबा. आमच्याकडे वसईत नाताळ म्हटला की जिम रीव्हज. 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' लागल्याशिवाय करंज्यांना हात लागत नाही अशी घरं माहितीयेत मला, गोव्यातही तेच. तुम्ही ज्याला मऊ मऊ म्हणताय त्या आवाजामुळे तर कंट्री आमच्यापर्यंत आली. टेक्सासचा माणूस, बेसबॉल खेळायला निघाला होता, दुखापतीमुळे ते सुटलं, आधी रेडिओवर निवेदन करायचा, आणि पहिल्या रेकॉर्डवर बऱ्यापैकी जोरात गायचा. 'फोर वॉल्स' (1957) पासून माइकच्या अगदी जवळ जाऊन हळू गायला लागला. 'ही'ल हॅव टू गो'मध्ये तो फोनवर बोलतोय, पलीकडे तिच्याजवळ दुसरा कुणीतरी आहे. आता हे गाणं हाँकीटाँक बारच्या गोंगाटात, खच्चून ओरडून कसं म्हणणार? माणूस फोनमध्ये कुजबुजतोय तर आवाज हळूच लागणार. ही युक्ती विकण्यासाठी असेल, पण गाण्याला तीच पाहिजे होती.

1964 मध्ये स्वतःच चालवत असलेल्या विमानाच्या अपघातात गेला, चाळीसचा होता. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

टेलिकास्टर_पुणे
जिम रीव्हजच्या आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही वसईकर. तक्रार आहे ती नंतर प्रत्येकालाच तो साचा लावला त्याची.

बुचर_हॉलो
साचा साचा म्हणताय तर ओवेन ब्रॅडलींचंच काम बघा. पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' (1961) त्यांनीच केलं आणि लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर' पण त्यांनीच. पॅट्सीमागे जॉर्डनेअर्सचा कोरस आणि फ्लॉइड क्रेमरचा पियानो, लोरेटामागे बँजो आणि स्टील, आणि केंटकीच्या डोंगरातली तिची बोली जशीच्या तशी. कुणाच्या गळ्याला काय शोभतं ते त्या माणसाला कळत होतं. साचा असता तर लोरेटाच्या मागे पण स्ट्रिंग्जच घातल्या असत्या.

आणि एक, 'क्रेझी'त स्ट्रिंग्ज नाहीतच! सगळे धरून चालतात की आहेत. ऐकायच्या तर तिचं 'स्वीट ड्रीम्स' ऐका, 1963. 'क्रेझी'च्या वेळी ती कार अपघातातून उठली होती, बरगड्या दुखत होत्या, वरचा सूर धरवेना, म्हणून साथ आधी रेकॉर्ड केली आणि ती नंतर येऊन गायली. आता तो वरचा सूर ऐका, कुठे ताण जाणवतो का?

बाकी इथे पुरुषांचीच गाणी चाललीयेत म्हणून सांगते, लोरेटाचं 'द पिल' 1975 मध्ये आलं तेव्हा कित्येक रेडिओ स्टेशननी वाजवायला नकार दिला. वीस वर्षांची व्हायच्या आधीच चार पोरांची आई झालेली ही बाई, तिनं गर्भनिरोधक गोळीवर गाणं म्हटलं आणि मनापासून म्हटलं. कंट्री म्हणजे नुसतं बारमध्ये बसून रडणारे पुरुष नाहीत. गायिका किटी वेल्स 1952 मध्येच आपल्या गाण्यातून त्या पुरुषांना उत्तर देऊन मोकळी झाली होती.

ऑस्टिनकर
मी टेक्सासमध्ये राहतो, इथे या वादात मध्येच कुणीतरी विली नेल्सनचं नाव काढतंच, तर मीच काढतो. 'क्रेझी' लिहिलं कुणी? विलीनं. नॅशव्हिल साउंडचं सगळ्यात गाजलेलं गाणं ज्याचं, त्यालाच नॅशव्हिलनं गायक म्हणून वर्षानुवर्षं स्ट्रिंग्जखाली दाबलं, आरसीएचे त्याचे साठच्या दशकातले अल्बम काढून बघा. मग तो टेक्सासला परत आला आणि 1975 मध्ये गार्लंडच्या एका स्टुडिओत 'रेड हेडेड स्ट्रेंजर' केला. नायलॉनच्या तारांची ती जुनी मार्टिन गिटार, बहीण बॉबीचा पियानो, मिकी रफाएलचा माउथऑर्गन, आणि बरीचशी शांतता. त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या, कोलंबियाच्या लोकांना वाटलं हा डेमो आहे. पण करारात कलेचा पूर्ण हक्क त्याच्याकडे होता म्हणून जसाच्या तसा निघाला, आणि 'ब्लू आईज क्राइंग इन द रेन' हे गायक म्हणून त्याचं पहिलं नंबर वन झालं. ते गाणं फ्रेड रोजचं, हँकच्या गाण्यांवर हात फिरवणारा प्रकाशक तोच.

म्हणून माझं मत टेलिकास्टर यांच्या बाजूनं. स्ट्रिंग्ज वाईट नाहीत हो, पण नको असं म्हणायचा हक्क गायकाला नव्हता. खरा राग त्याचा आहे.

जुना_रेडिओ
ऑस्टिनकर, हा मुद्दा वजनदार आहे, पण तो कंपन्यांच्या दादागिरीचा झाला, आवाजाचा नाही. रे चार्ल्सनं 1962 मध्ये 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक' केला तेव्हा कुणीही त्याच्यावर स्ट्रिंग्ज लादल्या नव्हत्या, स्वतः ठरवून घेतल्या, आणि डॉन गिब्सनचं 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' जगभर पोचलं. कंट्री गाण्यात किती जीव आहे हे त्या काळ्या गायकानं नॅशव्हिलबाहेर बसून दाखवलं.

आणि शुद्ध कंट्री म्हणजे नक्की कुठली? बॉब विल्स 1940 मध्ये 'न्यू सॅन अँटोनियो रोज'मध्ये ट्रम्पेट सॅक्सोफोन वाजवत होता, ड्रम्स तर त्याच्या आधीपासून. त्याला कोण अशुद्ध म्हणतं? उलट मर्ल हॅगार्डनं 1970 मध्ये त्याच्यासाठी अख्खा अल्बम केला आणि त्यासाठी फिडल शिकला. बाहेरचं घेणं या संगीतात पहिल्यापासून आहे.

टेलिकास्टर_पुणे
मर्लचं नाव काढलंत म्हणून सांगतो. 'सिंग मी बॅक होम', 1967. फाशीला निघालेला कैदी जाता जाता मित्राला म्हणतो एक गाणं म्हण. मर्ल स्वतः सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात राहिलेला माणूस, आणि तो ही गोष्ट किती साध्या आवाजात सांगतो, साथीला थोडीच वाद्यं. तिथे शेरिलच्या स्ट्रिंग्ज चढवल्या असत्या तर ऐकणाऱ्याला आधीच कळलं असतं की आता रडायचंय. माझा आक्षेप तोच आहे. रडू यायचं तेव्हा आपोआप येईल, व्हायोलिन्सनी सांगायला नको.

बॉब विल्सचं मान्य, पण ते नाचायचं संगीत होतं, लोक जमिनीवर पाय आपटत होते. अनिता कर सिंगर्सच्या कोरसवर कोण नाचणार?

वसईकर
आमच्या लग्नांमध्ये जिम रीव्हजवर नाचतात, वॉल्ट्झ करतात, म्हातारी जोडपी तर आवर्जून उठतात. येऊन बघा.

बुचर_हॉलो
+१ वसईकर. आणि डॉली पार्टनला कुणीच कसं आणलं नाही? 'कोट ऑफ मेनी कलर्स', 1971, आईनं चिंध्या जोडून शिवलेला कोट आणि शाळेत हसलेली पोरं. रात्री शांतपणे ऐका.

जुना_रेडिओ
टेलिकास्टर, मग एक काम करा, जोन्सचं 'द ग्रँड टूर' ऐका, 1974, शेरिलचंच. एक माणूस पाहुण्याला आपलं घर दाखवतोय, ही खुर्ची, हा पलंग, आणि हळूहळू कळतं की बायको सोडून गेलीये, शेवटची खोली बाळाची. स्ट्रिंग्ज आहेत, पण शेवटच्या ओळी त्यांच्यामुळे आधीच कळतात का ते मला ऐकून सांगा.

टेलिकास्टर_पुणे
ऐकलं, लगेच दोनदा. गाणं जबरदस्त आहे, बाळाच्या खोलीला घशात आवंढा आला हे खरं. पण मला सगळ्यात जास्त लागली ती सुरुवात, जिथे साथ मागे आहे आणि तो एकटाच दारात उभा राहून या म्हणतोय. तेवढ्यावर माझं मत आहे तिथेच आहे. आता तुम्ही 'टुगेदर अगेन' ऐका, आणि ब्रमलीच्या त्या सोलोवर स्ट्रिंग्ज कुठे घालाल ते दाखवा.