शाळेत कुत्रा आणावा का?

पाटीपेन्सिल: आमच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित कुत्रा आणायचा प्रस्ताव आलाय आणि शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडलेत. मी बाजूने आहे. असा उपक्रम एका शाळेत पाहून आले, तेव्हापासून. तिसरीतला मुलगा, बोलताना अडखळणारा. वर्गासमोर उभा राहिला की पहिल्याच अक्षराला गाडी अडायची म्हणे. तिथे तो कुत्रीच्या पोटाला टेकून बसला आणि वाचत सुटला. अडखळला, थांबला, तेच वाक्य पुन्हा घेतलं. कुत्रीने जांभई दिली तर तिला म्हणाला, "झोपू नकोस, आता राक्षस येणारे." चुका काढणारं कोणी नाही, घाई करणारं कोणी नाही. अमेरिकेत तर १९९९ पासून मुलं अशी कुत्र्यांना वाचून दाखवतात.

उंटावरचा_शहाणा: गोष्ट गोड आहे, पण एका मुलावरून धोरण ठरवायचं? नव्याची नवलाई नऊ दिवस. दहाव्या दिवशी तोच मुलगा वर्गासमोर वाचतो का, ते सांगा.

पाटीपेन्सिल: एकच मुलगा नाही हो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने २०१९ मध्ये २४९ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना प्रत्यक्ष कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी भरलं. इतर म्हणजे नुसते रांगेत उभं राहून बघणारे, प्राण्यांचे फोटो पाहणारे आणि वाट बघत बसलेले.

उंटावरचा_शहाणा: कॉलेजातली मुलं, हौसेने आलेली, आणि मोजमाप त्याच दिवसाचं. दहा मिनिटांनी बरं वाटणं वेगळं, वर्षभराची घालमेल कमी होणं वेगळं.

ससेहोलपट: तुमचं भांडण चालू द्या, मला प्राण्याच्या बाजूने बोलायचंय. एका वर्गात हॅमस्टर पाळलेला पाहिला. हा रात्री जागणारा प्राणी. शाळेची वेळ म्हणजे त्याची मध्यरात्र, आणि दर मधल्या सुट्टीत पिंजऱ्यावर टकटक. चावला, तर "वाईट आहे" म्हणून कोपऱ्यात. सशाचं त्याहून वाईट. तो शिकार होणारा जीव, उचलला की कित्येकदा भीतीने थिजतो आणि आपण म्हणतो, "बघा किती शांत बसलाय!" सुट्टीत त्याला घरी कोण नेणार, हा प्रश्न तर शुक्रवारी दुपारी आठवतो. मुलांना माया शिकवायची असेल तर प्राण्याला उठून जाता येईल अशी जागा आधी द्या. कुत्रा जायला निघाला की जाऊ द्यायचं, हे ज्या मुलाला कळलं तो बरंच काही शिकला.

दप्तरवाली_आई: माझी मुलगी कुत्रा दिसला की रस्ता बदलते. शिवाय तिला मांजराची ॲलर्जी. मांजर वर्गात नसलं तरी दुसऱ्यांच्या कपड्यांवरून तो त्रास येतो, हे आम्ही भोगलंय. ती त्या दिवशी कुठे बसणार? एकटी ग्रंथालयात? मग तिच्या मनःस्वास्थ्याचं काय?

पाटीपेन्सिल: रास्त आहे. कुत्रा वर्गात नाही, वेगळ्या खोलीत असेल. ज्याला हवं त्यानेच जायचं, दोघांपेक्षा जास्त मुलं नाहीत, आणि जाऊन आल्यावर हात धुवायचे. ससेहोलपट, तुमचं बरोबर. पिंजऱ्यातलं काही आणायचं नाही, हे मी मांडीन. कुत्रा मात्र सांभाळणाऱ्यासोबत येईल आणि त्याच्यासोबतच घरी जाईल.

उंटावरचा_शहाणा: मग माझा खरा आक्षेप ऐका. बोरिस लेव्हिन्सन नावाच्या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञाचा जिंगल्स हा कुत्रा एकदा योगायोगाने खोलीत होता आणि मिटलेलं मूल त्याच्यापाशी खुललं. १९६२ च्या लेखात लेव्हिन्सनने कुत्र्याला 'सहचिकित्सक' म्हटलं. त्यातला 'सह' बघा. कुत्र्याने दार उघडलं, पण आत खुर्चीवर माणूस बसलेला होता. तुमच्याकडे समुपदेशक किती दिवस येतात?

पाटीपेन्सिल: दोन. पुढच्या सत्रापासून एक.

उंटावरचा_शहाणा: आणि कुत्रा कोणत्या दिवशी?

पाटीपेन्सिल: गुरुवारी. त्यांचा जो दिवस कमी होतोय, तोच. हे मी आत्ता लिहिताना जोडून पाहिलं. बैठकीत कोणी काढलंच नाही, मीसुद्धा नाही. सोमवारी विचारते.

दप्तरवाली_आई: विचारा आणि इथे कळवा. समुपदेशक दोन्ही दिवस राहणार असतील तर कुत्र्याला माझी हरकत नाही. लेकीला दाराच्या काचेतून बघू देईन.