हद्द वाढवली म्हणजे नियोजन झालं असं नाही

नवीन जमीन जोडली की राजधानीतली गर्दी आपोआप पांगते असं म्हटलं जातं, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. मॉस्कोने १ जुलै २०१२ ला नैऋत्येकडचा पट्टा शहरात घेतला, क्षेत्रफळ एका दिवसात साधारण २.४ पट झालं, पण त्या नव्या भागातलं पहिलं मेट्रो स्टेशन सुरू व्हायला २०१६ उजाडलं. मग तोवर लोक जाणार कसे, गाड्या घेऊनच ना!

याउलट उदाहरण म्हणून डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन बघा. त्यांचा १९४७ चा 'फिंगर प्लॅन' म्हणजे तळहात हे जुनं शहर आणि बोटं म्हणजे लोकल रेल्वेचे मार्ग, वस्ती फक्त बोटांवर आणि मधल्या फटींत शेती, जंगल, मोकळी हिरवळ. मला त्याहून मोलाचा वाटतो तो नंतरचा नियम, की मोठी ऑफिसं शक्यतो स्टेशनपासून ६०० मीटरच्या आतच बांधायची, कारण माणूस चालत किती जाईल याचा विचार आधी केलाय. आणि पैशाचं म्हणाल तर ओरेस्टाड या नव्या भागासाठी १९९२ ला कायदाच केला, सार्वजनिक मालकीची जमीन विकून त्यातून मेट्रोचं कर्ज फेडायचं, म्हणजे मेट्रोमुळे जमिनीचा भाव वाढतो तो फायदा बिल्डरच्या खिशात न जाता मेट्रोलाच परत. २००२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा तिथे बराचसा भाग रिकामाच होता, आधी मेट्रो आणि मग घरं. अर्थात जमीन आधीपासून सरकारच्या हातात होती म्हणून हे जमलं, खाजगी मालकांकडून घ्यायची असेल तर गणित फार अवघड होतं.