जलपर्णी उपसायची की सांडपाण्यातला फॉस्फरस उतरवायचा?

पाणकणीस:
पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी. दर उन्हाळ्यात जलपर्णी, दर उन्हाळ्यात ती उपसायची निविदा. ती पोसली जाते सांडपाण्यातल्या फॉस्फरसच्या खतावर. माझ्या मते हा पैसा मैलाशुद्धीकरण केंद्रात फॉस्फरस उतरवायला लावावा. हिशोब बघा. माणूस दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो, म्हणजे 1 लाख वस्तीचा 150 किलो. 1 टन ओल्या जलपर्णीत 94-95 टक्के पाणीच. उरलेल्या 50-60 किलोंत फॉस्फरस जेमतेम 200-250 ग्रॅम. तेवढ्या वस्तीचा फॉस्फरस जलपर्णीवाटे काढायचा तर रोज 600 ते 750 टन उपसावी लागेल!

काठचिखल:
हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकला. जलपर्णी काढतात ती प्राणवायूसाठी. थर जमला की खाली उजेड जात नाही, वाऱ्याने पाणी ढवळत नाही, मुळांना मॅन्सोनिया डासांच्या अळ्या चिकटून राहतात. खरी चूक वेळेची आहे. पंधरा दिवसांत दुप्पट धरली तरी तीन महिन्यांत 64 पट होते. नोव्हेंबरात जे काम चार होड्यांचं, तेच मार्चमध्ये पोकलेनला आवरत नाही. वर उपसलेले ढीग काठावरच टाकतात; ते कुजून काळा रस पुन्हा नदीत. ढीग पूररेषेबाहेर गेलाच पाहिजे. आणि तणनाशक तर नकोच: मेलेला थर तळाशी बसून कुजतो आणि उरलासुरला प्राणवायू खातो.

पाणकणीस:
नोव्हेंबरचा मुद्दा मान्य. पण खत चालूच राहिलं तर जलपर्णी गेलेल्या जागी शेवाळ येणार. नेहमीची केंद्रं बीओडी, म्हणजे कुजताना प्राणवायू खाणारी घाण, उतरवण्यासाठी बांधलेली. फॉस्फरसचा मोठा भाग तसाच पुढे जातो. शेवटच्या निवळण टाकीआधी तुरटी सोडून तो गाळात बसवता येतो: 1 किलो फॉस्फरसला सिद्धांताने साधारण 10 किलो, प्रत्यक्षात दीडपट-दुप्पट. सामू (पीएच) घसरतो, गाळ वाढतो, त्याची सोय आधी हवी.

गाळमाप:
दोघेही तळ विसरताय. वाहत्या नदीचं ठीक, पण हे सगळं शेवटी भीमेतून उजनी धरणात जाऊन थांबतं. तळाचा प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच रूप, सुटून वर येतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन सरोवरातून 1963 ते 1968 मध्ये सांडपाणी वळवलं आणि ते काही वर्षांत निवळलं, कारण ते खोल आहे. स्वीडनचं उथळ ट्रुमेन सरोवर सांडपाणी थांबवूनही सुधारलं नाही. 1970-71 मध्ये वरचा गाळ शोषून काढावा लागला. रंकाळ्यासारख्या उथळ तलावाला ट्रुमेनचाच धडा लागू. तुरटी एकट्याने पुरणार नाही.

काठचिखल:
उजनीचा एवढा गाळ काढणार कोण? तलावाचा उपाय धरणाला लावू नका.

गाळमाप:
म्हणून तर आधी मोजा म्हणतो. दुपारी 3 ला हिरव्या पाण्यात प्राणवायू लिटरला 12-15 मिलिग्रॅम दिसतो, अहवाल उत्तम! त्याच जागी पहाटे 5 ला 1 च्या खाली. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असतात. नमुना सूर्योदयाआधी, पृष्ठभागाचा आणि तळापासून अर्धा मीटर वरचा, असे दोन घ्या. नमुन्याची बाटली धुण्याच्या पावडरीने धुऊ नका, त्यातला फॉस्फेट आकडा फुगवतो. सौम्य आम्लाने धुवा. तळाचा फॉस्फेट वरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला तर गाळातून सुटतोय असं धरा, आणि मग तुरटी की उपसा ते ठरवा.

पाणकणीस:
मोजणी हवीच. पण ती होईपर्यंत सांडपाण्यातून येणाऱ्या फॉस्फरसची नळी बंद करायची नाही, हे मला पटत नाही. गाळातला फॉस्फरसही आला कुठून? याच नळीतून.